चंद्राची वाट कोणीं दाखविली ?

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेचे निकाल लागल्यावर एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या हातांत मुलाची गणिताची वही होती. ती उघडून त्यांनीं आमच्यापुढें ठेविली. त्रैराशिकाच्या उदाहरणांशेजारीं समासांत मुलानें चित्रें काढलीं होतीं : कोठें धुराचें शेंपूट सोडीत वर जाणारा अग्निबाण, कोठें खांचखळग्यांनीं भरलेला चंद्र, तर कोठें कड्यासह शनि. एका पानावर चंद्राकडे रोखलेली एक अजस्र तोफ होती, आणि तिच्यांतून सुटलेल्या गोळ्याच्या खिडकींतून तीन माणसें बाहेर डोकावीत होतीं. "हीं चित्रें आणि हीं गोष्टींचीं पुस्तकें ! यांच्या नादानें याचें पुढें व्हावयाचें तरी काय ?" असें त्यांनीं विचारलें. त्या प्रश्नांत राग नव्हता, काळजी होती. मुलगा गणितांत नापास झाला होता, आणि गोष्टींचीं पुस्तकें कुलुपांत ठेवावीं किंवा कसें, एवढेंच त्यांस आमच्याकडून ऐकावयाचें होतें.

त्या वेळीं आम्हीं दोन शब्दांत जें उत्तर दिलें, त्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं. हा प्रश्न एकाच घरचा नव्हे. अभ्यास म्हणजे गणित व शास्त्र, आणि गोष्टी व चित्रें म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी समजूत पुष्कळ सुज्ञ पालकांचीही असते. म्हणून त्या प्रश्नाचें सविस्तर उत्तर येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि दाखला घेतला आहे तो त्या मुलाच्याच आवडीचा, म्हणजे मनुष्य चंद्रापर्यंत कसा पोंचला याचा.

१९६९ सालच्या जुलै महिन्यांत मनुष्याचें पाऊल चंद्रावर पडलें. हें काम गणिताचें आणि यंत्रांचें, यांत शंका नाहीं. परंतु तें गणित मांडावें अशी इच्छा त्या गणितज्ञांच्या मनांत कोणीं उत्पन्न केली, याचा माग काढूं लागलें म्हणजे वाट एका गोष्टीच्या पुस्तकाशीं आणि एका चित्रकाराच्या नजरेशीं जाऊन मिळते. ती वाट आपण प्रारंभापासून चालूं.

प्रथम नजरेविषयीं सांगूं. १६०९ सालीं दुर्बीण ही अगदीं नवी वस्तु होती. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत इंग्लंडमध्यें टॉमस हॅरियट नांवाच्या विद्वान् गणितज्ञानें दुर्बिणींतून चंद्र पाहिला आणि त्याची आकृति काढिली. चंद्राचा उजळ भाग आणि काळा भाग यांमधील सीमारेषा त्यानें वेडीवांकडी काढिली आहे. पण ती वेडीवांकडी कां, हें त्यानें सांगितलें नाहीं. पुढें थोड्याच महिन्यांनीं इटलींत गॅलिलिओनें चंद्राकडे दुर्बीण लाविली. गॅलिलिओची दुर्बीण अधिक जोरकस होती हें खरें. परंतु त्याच्यापाशीं आणखी एक साधन होतें. तरुणपणीं त्यानें चित्रकलेचें व यथार्थदर्शनाचें शिक्षण घेतलें होतें. गोल वस्तूवर एका बाजूनें उजेड पडला असतां छाया कोठें व कशी पडते, हें चित्रकाराच्या हातास ठाऊक असतें. गॅलिलिओनें पाहिलें कीं, सीमारेषेच्या पलीकडे, काळोख्या भागांत, उजेडाचे बारीक ठिपके आहेत आणि हळूहळू ते मोठे होत जाऊन उजळ भागास मिळतात. डोंगराळ मुलखांत राहणाऱ्यांस हा देखावा नवा नाहीं : सूर्योदयाच्या वेळीं खालीं दरी अंधारांत असतां वर शिखर उजळून निघतें. तेव्हां हे ठिपके म्हणजे चंद्रावरील पर्वतांचीं शिखरें होत, असें अनुमान त्यानें केलें, आणि १६१० सालीं तें चित्रांसह पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत विद्वानांचें मत असें होतें कीं, चंद्र हा कांचेसारखा गुळगुळीत आणि निर्दोष गोल आहे. त्या दिवसापासून चंद्र हा एक मुलूख झाला, आणि जेथें मुलूख आहे तेथें जाण्याची इच्छा मनुष्यास झाल्यावांचून राहत नाहीं. गॅलिलिओचें पुस्तक पोंचल्यानंतर हॅरियटनें काढिलेल्या चंद्राच्या चित्रांतही खळगे स्पष्ट दिसूं लागले, ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे. डोळा तोच होता. काय पाहावें हें आतां त्यास कळलें होतें.

आतां गोष्टीकडे वळूं. फ्रान्स देशांत ज्यूल व्हर्न नांवाचा कादंबरीकार होऊन गेला. पृथ्वीवरून चंद्राकडे केलेल्या प्रवासाची त्याची कादंबरी १८६५ सालीं प्रसिद्ध झाली. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपल्यामुळें रिकामे झालेले तोफखान्याचे शोकीन लोक चंद्रावरच गोळा मारण्याचा बेत करितात. फ्लॉरिडा प्रांतांत ते ९०० फूट लांबीची तोफ जमिनींत उभी ओतून घेतात, आणि अल्युमिनिअमच्या पोकळ गोळ्यांत तीन माणसें बसवून तो आकाशांत उडवितात. कादंबरीच्या दुसऱ्या भागांत हा गोळा चंद्राला वळसा घालून परत येतो आणि पॅसिफिक महासागरांत पडतो.

व्हर्ननें ही गोष्ट नुसत्या कल्पनेवर रचिली नाहीं. गोळ्याचा वेग दर सेकंदास सुमारें ११ किलोमीटर असावा, असें त्यानें लिहिलें. पृथ्वीच्या ओढींतून सुटून जाण्यास जवळ जवळ इतकाच वेग लागतो. अमेरिकेंतल्या अमेरिकेंत शक्य तितकें दक्षिणेस, विषुववृत्ताच्या बाजूस जावें, म्हणून त्यानें फ्लॉरिडा निवडिला. आणि पुढें शंभर वर्षांनीं अमेरिकेचीं चंद्रयानें निघालीं तीं फ्लॉरिडाच्याच किनाऱ्यावरून. कारणें दोहोंकडे अगदीं एक नसलीं तरी विषुववृत्ताच्या जवळ सरकण्याचा लाभ दोघांनींही ओळखिला होता.

असें असतांही व्हर्नच्या गोष्टींत एक भयंकर चूक होती. ती समजण्यास इंग्रजी पांचव्या इयत्तेइतकें गणित पुरेसें आहे, म्हणून येथें करून दाखवितों. ९०० फूट म्हणजे सुमारें २७४ मीटर. तोफेच्या तळाशीं गोळ्याचा वेग शून्य आणि तोंडाशीं ११,००० मीटर. तेव्हां सरासरी वेग ५,५०० मीटर. या वेगानें २७४ मीटर कापण्यास एका सेकंदाचा विसावा भाग लागेल. एवढ्या अवधींत वेग ११,००० मीटरनीं वाढावयाचा, म्हणजे दर सेकंदास तो २,२०,००० मीटर या प्रमाणानें वाढत गेला पाहिजे. खालीं पडणाऱ्या दगडाचा वेग दर सेकंदास सुमारें ९.८ मीटरनीं वाढतो. भागाकार केला असतां उत्तर २२,००० हून अधिक येतें. याचा अर्थ असा कीं, तोफ सुटतेवेळीं गोळ्यांतील मनुष्याचें वजन २२,००० पट भासेल. ५० किलो वजनाच्या मुलावर १,१०० टनांचा भार पडेल. व्हर्ननें धक्का सोसण्यासाठीं गोळ्याच्या तळाशीं पाण्याचे थर योजिले होते, परंतु या भारापुढें पाणी तें काय करणार ? तीं तीन माणसें चंद्र पाहण्यासाठीं जिवंत उरलीं नसतीं.

मग अशी चुकीची गोष्ट काय कामाची, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें याच्या उलट आहे. ती चूक ज्यांस खटकली त्यांनींच पुढें चंद्राची खरी वाट शोधून काढिली. खटकण्यासाठीं प्रथम ती गोष्ट मनापासून आवडावी लागली.

अशा आवडणाऱ्यांपैकीं पहिला कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की. हा रशियांत १८५७ सालीं जन्मला. दहाव्या वर्षाच्या सुमारास तापाच्या आजारानें त्याचें ऐकणें बहुतेक गेलें, आणि शाळा सुटली. पुढें मॉस्को शहरांतील ग्रंथालयांत बसून त्यानें स्वतःच गणित व पदार्थविज्ञान यांचें अध्ययन केलें, आणि आयुष्याचीं पुष्कळ वर्षें खेड्यापाड्यांसारख्या लहान शहरांत शाळामास्तर म्हणून काढिलीं. अंतराळप्रवासाच्या कल्पनेचें बीज आपल्या मनांत ज्यूल व्हर्ननें पेरलें, असें त्यानेंच नमूद करून ठेविलें आहे. तोफेच्या मार्गानें मनुष्य जाऊं शकत नाहीं, तर कोणत्या मार्गानें जाईल, या विचारांत त्याचें लक्ष अग्निबाणावर खिळलें. तोफ सारा वेग एका क्षणांत देते. अग्निबाण तो हळूहळू देतो, आणि मनुष्याचें शरीर तो सहन करूं शकतें.

अग्निबाण पुढें कसा जातो हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण याविषयीं मोठमोठ्यांची गैरसमजूत झालेली आहे. दिवाळींतील बाण आपण सर्वांनीं उडविला आहे. त्यांतील धूर मागच्या हवेला ढकलतो आणि म्हणून बाण पुढें जातो, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. स्थिर पाण्यावरील होडींत उभें राहून एखाद्यानें जड दगड मागच्या बाजूस फेकला, तर होडी पुढें सरकते. दगड पाण्यावर पडो वा न पडो. फेकण्याच्या क्रियेचीच ती प्रतिक्रिया होय. अग्निबाण जळालेला वायु मागें फेकतो आणि स्वतः पुढें जातो. त्यास हवेची गरज नाहीं, किंबहुना हवा नसेल तेथें तो अधिक सुखानें जातो.

त्सिओल्कोव्हस्कीनें याचें सूत्र बसविलें आणि १९०३ सालीं तें आपल्या निबंधांत प्रसिद्ध केलें. त्यांतील मर्म असें : मागें पडणाऱ्या वायूचा जो वेग असेल तितकाच वेग अग्निबाणास यावा असें वाटल्यास, निघतेवेळचें वजन इंधन संपल्यावर उरणाऱ्या वजनाच्या सुमारें २.७ पट असावें लागतें. दुप्पट वेग हवा असल्यास ७.४ पट, आणि तिप्पट हवा असल्यास २० पट. वेग बेरजेनें वाढतो, पण वजन गुणाकारानें वाढतें. अग्निबाण इतके अवाढव्य कां असतात, आणि एकाचे तीन टप्पे करून रिकामे झालेले टप्पे वाटेंत कां टाकून द्यावे लागतात, हें या एका सूत्रानें उलगडतें. १९६९ सालीं चंद्राकडे निघालेला अग्निबाण सुमारें २,९०० टन वजनाचा होता. आणि आठ दिवसांनीं समुद्रांत परत उतरलें तें यान अवघें सुमारें ५ टनांचें होतें. हा शाळामास्तर नुसतें गणित करून थांबला नाहीं, हें विशेष. ज्या मार्गानें कल्पना आपल्याकडे आली त्याच मार्गानें ती पुढें जावी, म्हणून त्यानें स्वतःही चंद्रावरील व अंतराळांतील प्रवासाच्या गोष्टी लिहिल्या.

दुसरा रॉबर्ट गॉडर्ड, अमेरिकेंतला. एच्. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची मंगळावरील लोकांनीं पृथ्वीवर केलेल्या स्वारीची कादंबरी त्यानें १८९८ सालीं वाचली आणि ती त्याच्या मनांत घर करून राहिली. पुढील वर्षीं, १८९९ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १९ तारखेस, सतरा वर्षांचा हा मुलगा चेरीच्या झाडावर वाळलेल्या फांद्या छाटावयास चढला होता. वर बसल्या बसल्या मंगळापर्यंत जाणारें एखादें यंत्र करितां आलें तर काय बहार होईल, असा विचार त्याच्या मनांत आला. झाडावरून आपण उतरलों तो निराळाच मुलगा होऊन, असें त्यास वाटलें. आणि पुढें जन्मभर तो १९ ऑक्टोबर हा दिवस आपल्यापुरता पाळीत असे. १९२६ सालच्या मार्च महिन्याच्या १६ तारखेस त्यानें द्रवरूप इंधनावर चालणारा जगांतील पहिला अग्निबाण उडविला. तो अडीच सेकंद चालला, ४१ फूट उंच गेला आणि कोबीच्या वाफ्यांत पडला.

या गॉडर्डची थट्टाही झाली. १९२० सालीं न्यूयॉर्कच्या 'टाइम्स' या प्रख्यात वर्तमानपत्रानें अग्रलेखांत अशा आशयाचें लिहिलें कीं, निर्वात प्रदेशांत ढकलावयास कांहींच नसतें हें जें हायस्कुलांत रोज शिकवितात, तेंही या प्राध्यापकास ठाऊक नाहीं. होडी आणि दगड यांचा दाखला ज्यांनीं वर वाचला आहे त्यांस चूक कोणाची हें सांगावयास नको. १९६९ च्या जुलै महिन्यांत चंद्रयान निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीं त्याच पत्रानें एकोणपन्नास वर्षांपूर्वींची आपली चूक कबूल केली. गॉडर्ड मात्र १९४५ सालींच वारला होता.

तिसरा हर्मन ओबर्थ. याचा जन्म १८९४ सालीं ट्रान्सिल्व्हानियांत झाला. अकराव्या वर्षाच्या सुमारास व्हर्नचीं चंद्रप्रवासाचीं पुस्तकें त्याच्या हातीं आलीं, आणि तीं त्यानें इतकीं वाचलीं कीं तीं जवळ जवळ तोंडपाठ झालीं. वर आपण जो तोफेचा हिशेब केला तशाच तऱ्हेचा हिशेब या मुलानेंही केला, आणि प्रवासी चिरडून जातील हें त्यास कळलें. पुढें अग्निबाणावर लिहिलेला त्याचा प्रबंध पदवीसाठीं नाकारण्यांत आला, तेव्हां त्यानें तो १९२३ सालीं पुस्तकरूपानें छापिला. तोही शाळेंत शिक्षक होता.

ओबर्थच्या पुस्तकानें जर्मनींत असें कुतूहल उत्पन्न झालें कीं, फ्रिट्झ लांग या चित्रपटकारानें चंद्रप्रवासावर चित्रपट काढिला आणि ओबर्थला सल्लागार म्हणून बोलाविलें. १९२९ सालीं दाखविलेला हा चित्रपट मूक होता. उड्डाणाचा क्षण जवळ येत आहे हें प्रेक्षकांस कसें कळावें ? म्हणून लांगनें पडद्यावर आंकडे उलट्या क्रमानें दाखविले, आणि शून्य येतांच अग्निबाण सुटला. प्रत्यक्ष उड्डाणाच्या वेळीं आज जी उलटी गणती आपण ऐकतों, ती अशी कलेंतून लोकांच्या परिचयाची झाली.

येथें एक कटु गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ओबर्थच्या मदतनिसांत वेर्नर फॉन ब्राउन नांवाचा एक तरुण होता. त्यालाही चंद्राचेंच वेड होतें. परंतु त्याच्या अग्निबाणांस पैसा मिळाला तो जर्मन सैन्याकडून. १९४२ च्या ऑक्टोबरांत त्यांचा प्रचंड अग्निबाण यशस्वीपणें उडाला, तेव्हां त्याच्या अंगावर त्या चंद्राच्या चित्रपटाची खूण रंगविलेली होती. आणि दोन वर्षांनीं तेच अग्निबाण लंडन व अँटवर्प या शहरांतील घरांवर पडूं लागले. ते ज्या भुयारी कारखान्यांत तयार होत तेथें राबविलेले हजारों बंदिवान उपासानें व छळानें मेले. स्वप्न सुंदर असलें म्हणजे त्यासाठीं केलेलें सर्व कांहीं क्षम्य ठरतें असें नाहीं. कल्पना मनुष्यास कोठें जावें हें सांगते, गणित कसें जावें हें सांगतें. परंतु कोणाच्या खांद्यावरून जाऊं नये, हें सांगण्यास सदसद्विवेकबुद्धीच लागते. मुलांनीं अग्निबाणाचा इतिहास वाचावा तो हें पानही न वगळतां वाचावा.

महायुद्धानंतर फॉन ब्राउन अमेरिकेंत गेला. चंद्रावर जातां येईल हें त्याला पटलें होतें, पण कर देणाऱ्या लोकांस तें पटवावयाचें होतें. आणि हें काम सूत्रांनीं होण्याजोगें नव्हतें. तें एका चित्रकारानें केलें. चेस्ली बोनस्टेल हा मूळचा वास्तुशिल्पज्ञ. १९०५ सालीं, सतरा वर्षांचा असतां, त्यानें कॅलिफोर्नियांतील एका पर्वतावरच्या वेधशाळेंत दुर्बिणींतून शनि पाहिला आणि घरीं येऊन त्याचें चित्र काढिलें. तें चित्र पुढील वर्षींच्या भूकंपानंतर लागलेल्या आगींत जळालें. परंतु शनि त्याच्या मनांतून गेला नाहीं. १९४४ सालीं 'लाइफ' या साप्ताहिकांत त्याचीं चित्रें छापून आलीं. शनीच्या निरनिराळ्या उपग्रहांवर उभें राहिलें तर शनि कसा दिसेल, हें त्यांत दाखविलें होतें. अंतर, कोन, प्रकाशाची दिशा हें सर्व त्यानें हिशेबानें बसविलें होतें, म्हणून तीं चित्रें प्रत्यक्ष घेतलेल्या छायाचित्रांसारखीं वाटलीं. १९५२ ते १९५४ या काळांत 'कॉलिअर्स' साप्ताहिकानें फॉन ब्राउन आदिकरून शास्त्रज्ञांचे लेख बोनस्टेल व इतर चित्रकार यांच्या चित्रांसह छापिले. अंतराळप्रवास ही केवळ पोरांची करमणूक नसून मोठ्यांनीं विचार करण्याजोगी गोष्ट आहे, असें असंख्य वाचकांस वाटूं लागलें तें या पानांवरून.

व्हर्नप्रमाणें बोनस्टेलही चुकला. त्याच्या चंद्रावर सुळक्यांसारखे धारदार कडे आहेत. प्रत्यक्षांत चंद्रावरील डोंगर गोलाकार माथ्यांचे निघाले. त्याचें सर्वांत नांवाजलेलें चित्र टायटन या उपग्रहावरून दिसणाऱ्या शनीचें : खालीं बर्फाच्छादित कडे, वर गर्द निळें आकाश आणि त्यांत तेजस्वी शनि. २००५ सालच्या जानेवारी महिन्याच्या १४ तारखेस युरोपांतील शास्त्रज्ञांचें ह्यूजेन्स हें यान टायटनवर खरोखरच उतरलें. तेथें नारिंगी धुक्याचा दाट पडदा असून त्यांतून शनि दिसत नाहीं, असें आढळून आलें. चित्र खोटें ठरलें. परंतु तें खोटें कीं खरें हें पाहावयास कोणी तरी जावें, ही ओढ अशाच चित्रांनीं दोन पिढ्यांच्या मनांत जागृत ठेविली होती. चित्र व कादंबरी यांचें काम शास्त्राच्या आधीं एक पाऊल पुढें टाकण्याचें आहे. तें पाऊल चुकीचें पडल्यास दुरुस्त करण्याचें काम शास्त्राचें.

प्रत्यक्ष अंतराळांत गेलेल्या माणसांनींही कलेची सोबत सोडिली नाहीं. १९६५ सालच्या मार्च महिन्याच्या १८ तारखेस अलेक्सेइ लिओनॉव्ह हा रशियन वीर यानाबाहेर पडून सुमारें बारा मिनिटें अंतराळांत तरंगला. असें करणारा तो पहिलाच मनुष्य. बाहेर त्याचा पोशाख फुगला आणि परत आंत शिरणें अशक्य होऊं लागलें, तेव्हां पोशाखांतील हवा थोडी सोडून तो मोठ्या संकटानें आंत आला. या सफरींत त्यानें आपल्याबरोबर रंगीत पेन्सिली नेल्या होत्या. त्या तरंगत जाऊं नयेत म्हणून दोऱ्यांनीं बांधलेल्या होत्या. त्यांनीं त्यानें अंतराळांतून दिसणारा सूर्योदय कागदावर उतरविला. अंतराळांत काढिलेलें तें पहिलें चित्र. छायाचित्राचें यंत्र असतां पेन्सिली कशाला, असें कोणी विचारील. परंतु पृथ्वीच्या कडेवरील त्या पातळ रंगीत पट्ट्यांतला एकेक रंग डोळ्यांस कसा दिसला, हें तो हातानेंच सांगूं शकत होता.

पुढें १९६८ च्या डिसेंबरांत फ्लॉरिडाहून तीन माणसें निघालीं, चंद्राभोंवतीं फिरलीं आणि पॅसिफिक महासागरांत परत उतरलीं. व्हर्नच्या कादंबरींतील प्रवास शंभर वर्षांनीं असा खरा झाला. फक्त तोफेच्या जागीं अग्निबाण आला. नाताळच्या आदल्या दिवशीं या तिघांपैकीं विल्यम अँडर्स यानें चंद्राच्या राखाडी क्षितिजावर उगवणाऱ्या निळ्या पृथ्वीचें छायाचित्र घेतलें. हे लोक चंद्र पाहावयास गेले होते. परंतु घरीं घेऊन आले तें पृथ्वीचें चित्र, आणि जगानें तेंच जपून ठेविलें. पुढील वर्षीं चंद्रावरून परत येतांना नील आर्मस्ट्राँग यानें यानांतून केलेल्या भाषणांत व्हर्नच्या पुस्तकाचा आवर्जून उल्लेख केला. आपल्या वाटेवर पहिला दिवा कोणीं लाविला, हें तो विसरला नव्हता.

आमच्या भाषेचाही या कथेशीं थोडा संबंध आहे. व्हर्नची चंद्रप्रवासाची गोष्ट १९०० च्या सुमारास 'केरळकोकिळ' मासिकांतून मराठींत अवतरली, आणि पुढें भा. रा. भागवत यांनीं व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांच्या हातीं दिल्या. कोल्हापुरांत जन्मलेले ज्योतिःशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठीं कृष्णविवरावर एक गोष्ट लिहिली, तीही टोपणनांवानें. गोष्ट पहिली आली. जगन्मान्य शास्त्रज्ञास गोष्टी लिहिण्यांत कमीपणा वाटला नाहीं. उलट, जें गणितानें थोड्यांस सांगतां येतें तें गोष्टीनें पुष्कळांस सांगतां येतें, हें त्यांनीं ओळखिलें. आणि २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २३ तारखेस भारताचें चंद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशांत उतरलें, तेव्हां आमच्या घराघरांतील 'चांदोबा' हाही अखेर एक मुलूख झाला.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे परत येऊं. पुस्तकें कुलुपांत ठेवावीं काय ? आमचें उत्तर असें : पुस्तकें कुलुपांत ठेवूं नका, त्यांच्या शेजारीं वही ठेवा. नुसती गोष्ट वाचून त्सिओल्कोव्हस्की निर्माण झाला नाहीं, आणि नुसतीं उदाहरणें सोडवूनही झाला नाहीं. गोष्टींतल्या तोफेचा हिशेब करून पाहावा असें ज्या दिवशीं त्यांस वाटलें, त्या दिवशीं या लोकांचें शिक्षण सुरू झालें. मुलाच्या समासांतील चित्र हें गणिताचें शत्रु नव्हे. तें एक न मांडलेलें उदाहरण आहे. वडील माणसांनीं तें मांडावयास मदत करावी.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठीं एक काम सुचवितों. शुक्लपक्षांतील अष्टमीच्या सुमारास संध्याकाळीं चंद्राकडे पाहा. साधी दुर्बीण मिळाल्यास उत्तमच. कागद व पेन्सिल घेऊन उजेड आणि काळोख यांमधली रेषा जशी दिसेल तशी काढा. सुंदर काढण्याच्या भरीस पडूं नका. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं पुन्हां काढा, आणि दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून काय बदललें तें लिहा. गॅलिलिओनें याहून निराळें कांहीं केलें नाहीं.

त्या मुलास आम्हीं त्याच्याच चित्रांतील तोफेचा हिशेब करावयास दिला होता. चार दिवस त्याला त्याकरितां लागले. भागाकार दोनदां चुकला. पांचव्या दिवशीं तो वही घेऊन आला आणि खिन्न स्वरानें म्हणाला, "गुरुजी, तीं तीन माणसें मरतात." मग क्षणभर थांबून त्यानें विचारलें, "मग हळूहळू वेग वाढविला तर ?"

वार्षिक परीक्षेंत तो गणितांत उत्तीर्ण झाला. फार वरच्या क्रमांकानें नव्हे. तो कधीं चंद्रावर जाईल असें वचन आम्ही त्याच्या वडिलांस देऊं शकत नाहीं. परंतु तो प्रश्न त्यानें आपण होऊन विचारला, आणि उत्तरासाठीं वही उघडून बसला, एवढें त्यांस निश्चित सांगतों.